तारवाल्याची जागा

१

काचेच्या कपाटात अठरा शिपाई मरून पडले होते. अठराही कमरेत तुटलेले. धड एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि बंदुका मात्र हातात तशाच.

शेजारची आनंदीबाय मधला दगडी गडगा ओलांडून धावत आली, तेव्हा काशीबाई मिठबांवकर कपाटापुढं जमिनीवर बसून कपाळ बडवून घेत होती. आनंदीबायनं आधी तिचा दंड धरला आणि रक्तदाब मोजला. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन तिला तीन वर्षं झाली होती, पण जामसंडे गावाच्या लेखी ती अजून ड्यूटीवरच होती. रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा आणि नळी ती पावडर लावून मलमलीत गुंडाळून ठेवी, आणि दुसऱ्या कुणाला त्याला बोटही लावू देत नसे. वाडीतली माणसं तिच्या या सोवळ्याची चेष्टा करत.

"प्रेशर वाढला आसा. आधी पाणी पी. मगे रड."

"मारल्यान गो, आनंदीबाय! सगळ्यांका मारल्यान!"

परक्या माणसाला हा वेडेपणा वाटला असता. शिपाई प्लास्टिकचे होते, चार-चार इंचांचे. काशीबाईचा धाकटा मुलगा मधू माल वाहणाऱ्या बोटीवर बिनतारी संदेशांचं काम करायचा. परदेशी बंदरात त्यानं टीव्हीवर 'वादळी पलटण' नावाची कार्टूनची मालिका पाहिली आणि हा तिशीतला बाप्या पोरासारखा तिच्या नादाला लागला. त्या मालिकेतले शिपाई खेळण्यांच्या रूपात मिळतात, हे कळल्यावर तर विचारूच नका. दर सुट्टीत नवे दोन-चार घेऊन यायचा. व्हिडिओ भाड्यानं आणून सगळ्या वाडीला घरापुढच्या खळ्यात बसवून मालिका दाखवायचा. पोरांनी शिपायांची बारशीही करून टाकली होती. मिशीवाला तो फौजदार, पाण्यात बुडी मारणारा तो पाणबुड्या, पाठीवर बिनतारीचा डबा असलेला तो तारवालो. प्रत्येकाची कपाटातली जागा ठरलेली, आणि पाकिटावरचं त्याच्या माहितीचं कार्ड कापून वहीत चिकटवलेलं.

सत्त्याऐंशीच्या जूनपासून मधूच्या बोटीचा ठावठिकाणा नव्हता. कंपनीचं पत्र आलं होतं. मेला असं त्यात लिहिलं नव्हतं आणि जिवंत आहे असंही नव्हतं. त्या दिवसापासून काशीबाईनं एकच धोशा लावला होता: शिपाई उभे आहेत तोवर माझा झील उभा आहे. आणि आज, तुळशीच्या लग्नांनंतर चार दिवसांनी, कपाटावरची चादर काढून तिनं पाहिलं तर हे असं.

कपाटाला कुलूप होतं. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन: एक काशीबाईच्या कमरेला आणि दुसरी मधूची बायको शुभदा हिच्याकडे.

शुभदा दाराशी उभी होती. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. केस कोरडे, चेहरा उतरलेला. काशीबाईनं तिच्याकडे बोट केलं.

"हिनाच मोडल्यान. हिका सुटका व्हयी आसा माझ्या झिलापासून."

तेवढ्यात मोठा मुलगा सदानंद कार्डांची वही घेऊन आला. तहसील कचेरीतला कारकून. काहीही झालं की आधी मोजदाद. त्यानं कार्डं मोजली, मग शिपाई मोजले, मग पुन्हा कार्डं मोजली.

"कार्डां एकोणीस," तो म्हणाला. "शिपाय अठरा. तारवालो खंय आसा?"

२

तारवाला शुभदाच्या ट्रंकेत सापडला. साड्यांच्या तळाशी, मधूच्या रुमालात गुंडाळलेला. अगदी धडधाकट.

ट्रंक उघडली सदानंदनं. शुभदानं अडवलं नाही, रडली नाही, एक अक्षर बोलली नाही. आनंदीबायला तिचं ते गप्प राहणं अजिबात आवडलं नाही. पस्तीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला माहीत असतं, की ज्याचं दुखणं खोल असतं तो विव्हळत नाही.

"शुभदा, काय तां सांग गो," ती म्हणाली.

शुभदानं मान हलवली. नाही.

सदानंद रागावला की कचेरीतल्या शुद्ध मराठीत बोलायचा. आता तो तसाच बोलला. "मी शिरोड्याला फोन करतो. हिच्या भावाला बोलावून घेतो. उद्या साडेतीनच्या एस.टी.नं यांनी माहेरी जावं, हे उत्तम."

त्या 'यांनी'त काय होतं, ते सगळ्यांना कळलं. नवऱ्याचा पत्ता नाही आणि सासूनं असा ठपका ठेवून घराबाहेर काढलेली सून. ती या उंबऱ्याच्या आत पुन्हा कधी येणार होती? आणि उद्या मधू परत आला तर?  मधू याच घरात, आनंदीबायच्याच हातांत जन्मला होता.

"सदा, उद्या दुपारपर्यंत कपाटाक कोण हात लावूचो नाय," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडे दी. दोनय."

"मावशी, त्याने काय होणार?"

"काय होवचा नाय तर काय नाय. तुझा काय जाता?"

किल्ल्या मिळाल्या. हातात जेमतेम एक दिवस होता.

३

दुपारी घर जरा निवलं, तेव्हा आनंदीबायनं चश्मा चढवला आणि कपाट उघडलं.

पहिली गोष्ट तिच्या नाकाला कळली. मोडलेल्या फौजदाराचं धड तिनं जवळ आणलं, तर उटण्याचा वास आला. अगदी पुसट, पण उटण्याचाच.

दुसरी गोष्ट बोटांना कळली. प्रत्येक शिपायाच्या पोटात रबराचा एक तुकडा लोंबत होता. तिनं तो चिमटीत धरला, तर तो फुगलेला, चिकट आणि लिबलिबीत लागला. असला रबर तिनं कुठंतरी हाताळला होता. कुठं, ते काही केल्या आठवेना.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसली. शिपायांखाली पांढरं फडकं अंथरलेलं होतं. ज्याच्या त्याच्या जागी, पावलांखाली, रुपयाएवढा पिवळट डाग. तिनं मोजले: अठरा. मागच्या रांगेतली तारवाल्याची कोपऱ्यातली जागा मात्र लख्ख पांढरी होती. आणि फडक्याच्या दुमडीत एक चपटी, बारीक बी अडकली होती. आनंदीबायनं ती जिभेवर टेकवली आणि तोंड वाकडं केलं. कडूजहर. ती बी तिनं पदराच्या गाठीत बांधली.

"ह्या फडका कधी बदललास?" तिनं सदानंदला विचारलं.

"दसऱ्याला. आई दर दसऱ्याला बदलते."

"आणि कपाटार चादर कोणी घातल्यान?"

"आईनंच. दिवाळीत. तुळशीच्या लग्नापर्यंत पोरांची वर्दळ असते ना." सदानंद अजून शुद्धच बोलत होता. मग एकदम त्याचा बांध फुटला आणि मालवणी बाहेर आली. "मावशी, खरां सांगू? माका ह्या खेळण्यांची लाज वाटी. तीस वर्षांचो घोडो आणि भावले जमयता! मी तेका तसा तोंडार बोललंय. तो गेलो त्याच्या आदल्या दिवशी. तेच्यानंतर आमचा बोलणाच झाला नाय."

"म्हणान तू मोडलंस?"

"माझो हात लागात तेंका? आता?" त्याचा आवाज चिरका झाला. "आई तर दिवाळीपासून शुद्धीर नाय. चावदिवसाक, दिवाळीच्या पयल्या आंघोळीक, माका डोक्याक लावक धड तेलसुदा नव्हता. आदल्या दिवशी भरलेली बाटली, आणि पहाटे बघतंय तर बूड दिसता."

आनंदीबायनं फौजदाराचे दोन्ही तुकडे रुमालात बांधले, कपाटाला कुलूप लावलं आणि ती नाक्याकडे निघाली. 

४

जामसंड्यात वादळी पलटणीचा आणखी एकच शौकीन होता. नाक्यावर व्हिडिओ भाड्यानं देणारा बाबली. त्याच्याकडे सात शिपाई होते, सगळे मधूनंच आणून दिलेले, आणि ते तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. तारवाल्यासाठी त्यानं मधूच्या किती विनवण्या केल्या होत्या, ते साऱ्या नाक्याला ठाऊक होतं.

"माका माहीत आसा, तू कित्याक इलंस," आनंदीबायला पाहताच तो म्हणाला. "मी नाय, मावशी. तारवालो मिळाक व्हयो होतो, ह्या खरां. पण मोडूक? अगो, ह्यो नाद ज्येका आसा तो सोताचो हात तोडून घेयत, पण शिपायाची टोपीसुदा हरवूचो नाय."

तिनं रुमालातून फौजदाराचे दोन भाग काढून त्याच्यापुढं ठेवले. बाबलीनं ते बघितले आणि तोंडावर हात ठेवला. मग हळूच पाठीवरचा स्क्रू तपासला.

"स्क्रू उघडूक नाय. ओरखडोसुदा नाय. हंय बघ." त्यानं आपल्या डब्यातला एक शिपाई घेऊन त्याचे पाय ओढले. कमरेत फट पडली आणि आत काळ्या रबराची वळी ताणलेली दिसली. सोडल्यावर पाय टपकन जागेवर बसले. "एका रिंगार सगळो माणूस उभो आसा. ती तुटली की झाले दोन तुकडे."

"रिंग जुनी झाली की तुटता?"

"तुटात की. पण माझे आणि मधूचे एकाच खेपेतले, एकाच दुकानातले. माझे सात बघ, एकाकय काय झाला नाय. अठरा जणांच्या रिंगा एकाच पंधरवड्यात कश्यो जातल्यो?"

हे अगदी बरोबर होतं आणि म्हणूनच आनंदीबाय जास्त घाबरली. कुलूप शाबूत, स्क्रू शाबूत, ओढाताण नाही. काशीबाईच्या मनात करणीचं आलं, तर शुभदाचं मग काही खरं नव्हतं.

ती घरी आली. रक्तदाबाचं यंत्र जागेवर ठेवताना मलमलीतून पावडर तिच्या बोटांना लागली आणि ती जागच्या जागी थबकली. यंत्राच्या पेटीच्या तळाशी दवाखान्यातला एक जुना रबरी हातमोजा होता. तो तिनं काढला, स्वयंपाकघरात जाऊन एका वाटीत टाकला आणि वर झाकण ठेवलं. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. काय झालं असावं ते तिला कळलं होतं, आणि ते कळलं नसतं तर बरं, असं तिला वाटत होतं.

५

सकाळी ती विहिरीवर शुभदाला गाठायला गेली. शुभदा कळशी भरत होती.

"भाऊ येतलो आज?"

"होय. अकराच्या गाडीन."

"तारवालो तुका नवऱ्यान दिल्यान, ना गो?"

शुभदानं कळशी काठावर टेकवली. 

"जाताना दिल्यान. मे महिन्यात," ती म्हणाली. "म्हणालो, बोटीर मी तारवालो, घरात ह्यो. ह्येका सांगलेला माका कळतला. मी रोज सांगतंय तेका. घरात काय झाला, काय रांदला. येड्यासारख्या."

"मगे काल सांगूक काय झाला?"

"मावशी, आईंकडे आता तेंचा म्हणान तेवढाच कपाट आसा. मी सांगलंय आसतां, तर आईंक वाटला आसता, जाताना झिलान माका काय देवक नाय आणि बायलेक दिल्यान. तां कशाक? त्यापेक्षा चोर म्हणूनदेत माका."

आनंदीबायला एकदम भरून आलं. ते लपवायला तिनं शुभदाच्या डोक्यावर हात ठेवला. केस नारळाच्या सोडणासारखे राठ लागले.

"ह्या काय गो? दिवाळीक तेल नाय लावलंस? चावदिवसाक न्हालंस ना?"

"न्हालंय. एकट्याच. माका कोणी बोलवूक नाय, मावशी. पयली दिवाळी माझी ह्या घरातली." तिनं कळशी कमरेवर घेतली. "जेचो नवरो घरात नाय तेका कोण न्हाणयतला?"

आनंदीबाय तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभी राहिली. पदराच्या गाठीतली ती कडू बी तिनं बोटांनी चाचपली. कोडं सुटलं होतं. आता ते सांगायचं कसं, हे मोठं कोडं होतं. कारण जिनं सुनेवर बोट ठेवलं होतं, ती हे ऐकून जगली असती का?

६

दुपारी तीन वाजता मधूच्या खोलीत, कपाटापुढं, सगळे जमले. काशीबाई, सदानंद, शुभदा आणि मुद्दाम बोलावलेला बाबली. शिरोड्याचा भाऊ पडवीत बसला होता, आणि त्याच्या पायाशी दोरीनं बांधलेली ट्रंक.

"पयला एक सांगतंय," आनंदीबाय म्हणाली. "ह्या शिपायांका कोणी मोडूक नाय."

"मगे काय आपसूक मेले?" काशीबाई कडाडली.

"ऐक. बाबलीन स्क्रू बघल्यान, कोणी उघडूक नाय. ओढून मोडले आसते तर प्लास्टिकाक चीर गेली आसती. तुटली ती आतली रबराची रिंग. फुगून, चिकट होवन तुटली. बाबलीचे शिपाय त्याच खेपेतले, ते बरे आसत. म्हणजे ह्या कपाटातल्या शिपायांका असा कायतरी लागला, जां बाबलीच्या शिपायांका लागूक नाय."

तिनं वाटी पुढं ओढली आणि झाकण काढलं. रात्रभर खोबरेल तेलात पडलेला हातमोजा फुगून लिबलिबीत झाला होता. तिनं त्याचं एक बोट नुसतं धरून ओढलं. ते फाटून हातात आलं.

"दवाखान्यात आम्ही हे मोजे उकळून पुन्ना वापरू. पावडर लावून ठेवू. तेल लागला की गेलो मोजो. नवीन पोरी इसरत आणि माझो मार खायत." तिनं हात पुसले. "शिपायांका कोणीतरी तेल लावल्यान. फडक्यार तेलाचे अठरा डाग आसत. तारवाल्याच्या जागेर डाग नाय. फडका दसऱ्याक बदललेला, म्हणजे तेल लागला ता दसऱ्यानंतर, आणि तेवा तारवालो हंय नव्हतोच. तो मे महिन्यातच नवऱ्यान शुभदाक दिल्लो. तिना चोरूक नाय आणि मोडूक नाय. तेका तेल लागूक नाय, म्हणान तो एकटो वाचलो."

 सदानंदनं विचारलं. "पण तेल लावल्यान कोणी?"

"तां कळान काय करूचा आसा? गाडयेची वेळ झाली. शुभदाची ट्रंक आत घे, तेवढा पुरे."

आनंदीबायनं एवढंच ठरवलं होतं. त्यापुढं तिची जीभ रेटत नव्हती. तिनं वाटीवर झाकण ठेवलं आणि ती उठायला लागली.

"मी लावलंय," काशीबाई म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता.

"चावदिवसाक पहाटे तुळशीकडे कारीट फोडलंय. सदाचा एक फोडलंय. मगे मधूचा फोडलंय. कारीट फोडला आणि न्हाणूक झील नाय. मी काय करू? त्या कडू कारटाचो रस घेवन हंय इलंय. एकेकाक मांडयेर घेतलंय आणि तेल-उटणा लावलंय. मागच्या कोपऱ्यातलो एक कमी आसा, ह्या माका कळलासुदा नाय. मानेक, खांद्याक, कमरेक. मधू ल्हान आसताना लावी तसा, सांध्यासांध्यात जिरवून. म्हटलां, खंय आसात थंय तेच्या अंगाक लागात." तिनं आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले. "म्हणजे माझ्याच हातान..."

"रबर तुटला, काशीबाय." आनंदीबाय तिच्यापुढं खाली बसली. "रबर. माझ्या हातान शंभर मोजे गेले आसतीत, तेच्यान कोण मराक नाय. मधू खंय आसा तां ह्या शिपायांका म्हायत नाय आणि माकाय नाय. तू तेका मारूक नाय. एवढा माझा ऐक."

"काकी, मी सायकलची व्हॉलट्यूब कापून नव्यो रिंगा घालतंय," बाबली घाईघाईनं म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "सगळे उभे करतंय."

काशीबाई रडली नाही. ती फक्त हातांकडे बघत होती. आनंदीबायला वाटलं, आता थांबावं. पण विहिरीवरचे ते राठ केस तिच्या तळहाताला अजून टोचत होते, आणि ती थांबली नाही.

"एक इचारतंय, राग मानू नको. अठरा जणांक न्हाणलंस. ह्या घरात मधूचा आणखी एक माणूस आसा. तिका न्हाणलंस?"

काशीबाईनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिनं सुनेकडे नीट पाहिलं असावं. कोरडे केस, उतरलेला चेहरा, दारात उभं राहायची ती पाहुण्यासारखी तऱ्हा.

शुभदा पुढं आली. तिनं पदराखालून तारवाला काढला आणि सासूच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो तुमच्याकडे रवांदे, आई. तुमीय सांगा तेका काय सांगूचा तां. फक्त तेल लावू नका."

काशीबाईनं तारवाल्याला न्याहाळलं, त्याच्या पाठीवरचा डबा अंगठ्यानं पुसला आणि उठून त्याला कपाटात त्याच्या पांढऱ्या जागेवर उभं केलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. डबे वाजले. ती परत आली, तेव्हा तिच्या एका हातात पाट होता आणि दुसऱ्या हातात तेलाची वाटी.

"बस गो," ती म्हणाली.

शुभदा पाटावर बसली. काशीबाईनं तिच्या माथ्यावर तेल ओतलं आणि ती दोन्ही हातांनी ते मुरवायला लागली. शुभदाचे खांदे हलायला लागले.

"गाडी इली!" पडवीतून भावानं हाक मारली.

सदानंद बाहेर गेला. त्यानं काही न बोलता ट्रंकेची दोरी सोडली आणि ट्रंक उचलून आत आणली. नाक्यावर एस.टी.नं दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. वाटीतलं तेल संपेपर्यंत काशीबाई उठली नाही.